उजव्या पायाचा दाखला

देवाजीला विमानाची भीती नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे त्याच्या गावात, दिघोरीत, या बाबतीत बरंच उलटसुलट बोललं गेलं. विमान पडेल वगैरे त्याच्या मनातही आलं नव्हतं. पडलंच तर सगळ्यांसोबत पडेल, त्यात एकट्याची शोभा होत नाही. भीती होती ती विमानाच्या आधी लागणाऱ्या दरवाजाची. तिथे माणसाला एकट्याला उभं करतात, हात वर करायला लावतात आणि मशीन वाजते. चौतीस वर्षं पोस्टात काढलेल्या, गावातल्या प्रत्येकाचं मनीऑर्डरचं सुखदुःख पोटात ठेवलेल्या माणसाच्या अंगातून चारचौघांत मशीन वाजावी, ही कल्पनाच त्याला सहन होईना.

सूरजचा फोन मंगळवारी सकाळी आला. सूरज म्हणजे पुण्यातला भाचा, चंद्रकलाबाईचा मुलगा. चंद्रकला ही देवाजीची थोरली बहीण. तो तिला नुसतं 'बाई' म्हणायचा, ती त्याला 'देवा'. आई गेली तेव्हा देवाजी चार वर्षांचा होता आणि बाई अकराची. तेव्हापासून तीच त्याची आई. महिनाभर ती दवाखान्यात होती.

"मामाजी, बोलते आहे, खाते आहे थोडंफार," सूरज म्हणाला, "पण डॉक्टर म्हणाले, ज्यांना भेटायचं त्यांना बोलावून घ्या. उद्या सकाळचं विमानाचं तिकीट काढू का नागपूरहून? रेल्वेत रात्रभर तुमचा पाय अवघडेल."

"काढ ना गा," देवाजी म्हणाला.

मागून बाईचा बारीक आवाज आला, "त्याले म्हना, जवसाची चटनी आन."

इथवर सगळं ठीक होतं. पण अंगणात परसराम बसला होता. परसराम हा एस.टी.तून निवृत्त झालेला कंडक्टर, देवाजीचा शेजारी. विमानतळाच्या बाबतीत दिघोरीत त्याचा शब्द अखेरचा मानला जाई, कारण तो साळ्याला सोडायला एकदा नागपूरच्या विमानतळावर गेला होता आणि काचेच्या दारापाशी सव्वा तास उभा होता. आत काय चालतं हे त्याने काचेतून पाहिलं होतं.

"अन् तुया पायातल्या सळईचं काय?" परसराम म्हणाला.

देवाजीच्या उजव्या मांडीत लोखंडी सळई होती. आठ वर्षांपूर्वी लाखांदूरच्या रस्त्यावर रानडुक्कर आडवं गेलं, मोटारसायकल पडली आणि भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात ती सळई बसवली. थंडीत दुखायची, एरवी देवाजीला तिची आठवणही नसायची.

"सळईचं काय?"

"मशीन वाजल ना बावा! मंग तुले बाजूले घेतेत. खोलीत नेतेत. पँट काढाले लावतेत. त्यायले का मालूम, तू पोस्टमास्तर हायेस का कोन हायेस? डाक्टरचा दाखला लागते. माया साळ्यानं सांगतलं मले."

देवाजीने पाच मिनिटं विचार केला. त्याच्या आयुष्यातली ही सगळ्यात महाग पाच मिनिटं, पण त्या वेळी तसं काही वाटलं नाही. त्याने सूरजला परत फोन लावला. "उद्याचं नोको काढू. शनिवारचं काढ. एक कागद करा लागते."

आत चुलीपाशी सुशीलाबाई, म्हणजे देवाजीची बायको, हे ऐकत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "अजी, आज रातच्या गाडीनं बसले तर उद्या दुपारी बाईच्या उशाशी बसले राहाल."

"तू चूप राय," देवाजी म्हणाला. मग जरा नरमून, "चारच दिवस तं हायेत."

त्या चार दिवसांत देवाजीच्या कपड्यांचं आणि अंगाचं जे काही झालं, ते गावाच्या डोळ्यांदेखत झालं. पहिल्या संध्याकाळी परसराम यादी घेऊन आला. घड्याळ काढायचं. अंगठी काढायची. पट्टा नको. बूट नको, बुटाच्या टाचेत खिळा असतो. चप्पलही शिवलेली नको, तिच्यातही खिळा असतो, रबराची बरी. खिशातली नाणी घरी ठेवायची. मग त्याने देवाजीला तोंड उघडायला लावलं आणि बॅटरी मारून आत पाहिलं.

"या दाढेत का भरलं हाये?"

"चांदी का काय ते."

"चांदी!" परसरामने मान हलवली. "तोंड बंद ठेवजो तिथं. जास्त बोलू नोको."

हे कानावर गेल्यावर हेमराज शिंपी स्वतःहून आला. त्याचं दुकान चौकात होतं आणि गेल्या काही वर्षांत तयार कपड्यांमुळे त्याच्याकडे कोणी फारसं येत नव्हतं. त्यामुळे हातात काम नसलेल्या कारागिराचा सगळा जोर त्याने देवाजीच्या खाकी पँटीवर लावला. चेन उसवली, तिथे प्लास्टिकची बटणं लावली. हूक काढला. पट्टा नाही म्हणजे पँट सैल बसणार, म्हणून कमरेत नेफा शिवून नाडा ओवला. मागच्या खिशाला एक पितळी रिव्हेट होती, ती काढताना खिसा फाटला, म्हणून खिसाच काढून टाकला. शेवटी जे तयार झालं ते लांबून पँटीसारखं आणि जवळून पायजम्यासारखं दिसत होतं. ते घालून देवाजी आरशापुढे उभा राहिला. पोस्टातून निवृत्त झाल्या दिवशी जसं रिकामं वाटलं होतं, तसंच त्याला वाटलं.

"मस्त जमलं," हेमराज म्हणाला. "आता तुमच्यापाशी लोखंड म्हनून नावाले नाई."

"बाई तिकडे वाट पाहून राहिली, अन् तुमी इकडे पँटीची चेन उसवून राहिले," सुशीलाबाई म्हणाली. ती हे कोणाला उद्देशून म्हणाली ते कळलं नाही, पण हेमराजने चहा अर्धा ठेवला आणि निघून गेला.

खरं भांडण झालं ते करदोड्यावरून. देवाजीच्या कमरेला चांदीचा करदोडा होता, लग्नात घातलेला. परसरामच्या यादीत तो नव्हता, पण देवाजीला आंघोळ करताना तो आठवला. फासा इतका जुना की निघत नव्हता. कापायचा म्हटलं तर सुशीलाबाईने विळा लपवून ठेवला.

"जित्या मानसाचा करदोडा कापत नाईत," ती म्हणाली. "मेल्यावर कापतेत."

"मशीन वाजल ना वो!"

"वाजू द्या! सांगा, लग्नाचा हाये म्हनून. त्यायच्या घरी लग्न होत नाईत काय?"

तरी देवाजीने सोनाराकडे जाऊन तो कापून घेतला. सुशीलाबाईने त्याच्या कमरेला काळ्या दोऱ्याचा करदोडा बांधला. ती दिवसभर बोललीच नाही, आणि त्या घरात त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं.

पण हे सगळं बाजूचं. मुख्य काम दाखल्याचं होतं.

बुधवारी देवाजी भंडाऱ्याला गेला. एस.टी.ने दोन तास. ज्या दवाखान्यात सळई बसवली तिथे काउंटरवर रिता नावाची मुलगी होती. मुलगी गुणाची होती, तिचा काही दोष नाही. ती म्हणाली, "दाखल्यासाठी फाइल लागेल काका, आणि आठ वर्षं जुनी फाइल कॉम्प्युटरमध्ये नाही, माळ्यावर आहे. माळ्यावर चढणारा माणूस आज सुट्टीवर आहे." देवाजी म्हणाला, मी चढतो. ती म्हणाली, तुमच्या पायात सळई आहे ना?

गुरुवारी तो परत गेला. फाइल सापडली. तिचा एक कोपरा उंदराने खाल्ला होता, पण नाव शाबूत होतं. डॉक्टरसाहेबांनी फाइल पाहिली, देवाजीकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे आठ वर्षांपूर्वीचं आहे. सळई आजच्या तारखेला आत आहे असं मी लिहून देणार, तर मला पुरावा पाहिजे. नवीन एक्स-रे काढा."

"साहेब," देवाजी म्हणाला, "बाहेर आली असती तं मले समजलं असतं ना."

"नियम असतो," डॉक्टर म्हणाले.

नियम असतो या वाक्यापुढे गप्प बसायचं असतं, हे त्याला पोस्टातल्या खुर्चीच्या दुसऱ्या बाजूने चांगलं माहीत होतं. एक्स-रेवाला जेवायला गेला होता. तो आला तेव्हा वीज गेली. देवाजी बाकड्यावर बसला असताना सूरजचा फोन आला.

"मामाजी, आज जरा थकली आहे. उद्याचं तिकीट करून देऊ का? बदलून मिळतं."

देवाजीने एक्स-रेच्या बंद दाराकडे पाहिलं. इतका वेळ बसून आता उठायचं म्हणजे दोन दिवसांची मेहनत पाण्यात. "उद्या कागद भेटते," तो म्हणाला. "परवा येतोच हाये. बाईले सांग."

"बरं," सूरज म्हणाला. त्या 'बरं'च्या आधी तो थोडा थांबला होता. ते थांबणं देवाजीला शुक्रवारी रात्री अंथरुणावर पडल्यावर ऐकू आलं.

शुक्रवारी दाखला मिळाला. छापील लेटरहेड, खाली गोल शिक्का, वर इंग्रजीत मजकूर. देवाजीने तो खाली उतरून पायरीवर बसून अक्षर न् अक्षर वाचला, आणि तिसऱ्या ओळीत त्याला दिसलं की सळई डाव्या पायात आहे.

तो परत वर गेला. डॉक्टर गोंदियाला ऑपरेशनला निघून गेले होते.

"पोरी, उजवा पाय हाये माया."

रिताने दाखला पाहिला, फाइल पाहिली, देवाजीचे दोन्ही पाय पाहिले. तिचा चेहरा उतरला. "काका, टाइप करताना झालं असेल. पण सही झाली ना आता. डॉक्टर सोमवारी येतील."

"तू पेनानं कर ना दुरुस्त. बाजूले सही मार."

"खाडाखोड चालत नाही काका. खाडाखोड केली तर दाखला बाद होतो."

चौतीस वर्षं देवाजीने काउंटरच्या आतून हेच वाक्य लोकांना ऐकवलं होतं. निर्मलाबाई नावाची एक म्हातारी आठवली, तिच्या फॉर्मवर नाव चुकून खोडलं होतं म्हणून त्याने तिला तीन वेळा परत पाठवलं होतं. तिसऱ्यांदा ती पायरीवर बसून राहिली होती. तो दाखला घडी करून खिशात घालायला गेला, तेव्हा लक्षात आलं की मागचा खिसा हेमराजने काढून टाकला आहे.

संध्याकाळी त्याने सूरजला हे सगळं सांगितलं. सांगताना तो चिडला होता. डावा-उजवा, उंदीर, एक्स-रे, सगळं एका दमात. सूरज पलीकडून हसायचं दाबत होता. "आईला सांगतो," तो म्हणाला. "तिला आवडेल."

शनिवारी पहाटे देवाजी, परसराम आणि एक पिशवी नागपूरला निघाले. परसरामला कोणी बोलावलं नव्हतं, पण तो म्हणाला, "तुले एकट्याले समजनार नाई." पिशवीत जवसाची चटणी होती, सुशीलाबाईने अबोला धरूनही ती रात्री कुटून दिली होती. पवनी सोडल्यावर देवाजीच्या लक्षात आलं की नाड्याची गाठ निरगाठ झाली आहे. पुढचा सगळा रस्ता त्याने पाण्याचा घोटही घेतला नाही. परसराम मात्र उत्साहात होता. काचेच्या दाराशी पोहोचल्यावर तो थांबला. आत त्याला जाता येत नव्हतं. त्याचं ज्ञानही तिथेच संपत होतं.

"दाखला हातात ठेव," त्याने मागून ओरडून सांगितलं. "पयलेच दाखवजो!"

देवाजी आत गेला. काउंटरवरच्या पोरींनी तिकीट पाहिलं, आधार कार्ड पाहिलं, एक चिठ्ठी दिली आणि पुढे पाठवलं. रांग लांब होती. त्याने पुढच्या माणसाकडे पाहिलं. जाड पट्टा, मोठं घड्याळ, बूट. तो माणूस झटपट सगळं काढून प्लास्टिकच्या ट्रेमध्ये टाकत होता आणि फोनवर कोणाशी तरी भांडतही होता. त्याच्या पुढे एक म्हातारी नऊवारीत, हातात काठी. कोणाच्याही हातात दाखला नव्हता. रबरी चप्पल, नाड्याची पँट, दोऱ्याचा करदोडा घेऊन या सगळ्यांत देवाजी एकटाच तयारीने आला होता. दिसायला मात्र तो असा दिसत होता की दवाखान्यातून पळून आलेला पेशंट असावा.

पिशवी मशीनच्या सरकत्या पट्ट्यावर ठेवली. फोन ट्रेमध्ये ठेवायला सांगितला, तो ठेवला. ट्रे काळ्या पडद्यात गेली. देवाजी चौकटीतून चालला, आणि चौकट वाजली.

त्याने हातातला दाखला पुढे केला. "साहब, ये सर्टिफिकेट. इसमें लेफ्ट लिखा है, पर है राइट में. गलती से—"

"हाथ ऊपर," जवान म्हणाला. त्याने दाखल्याकडे पाहिलंही नाही. हातातलं यंत्र खांद्यावरून, काखेतून, कमरेवरून फिरवलं. उजव्या मांडीपाशी ते ओरडलं. जवानाने पँटवरून मांडी दोनदा दाबली.

"रॉड है?"

"हो. हाँ."

"दर्द करता है?"

"थंडी में."

"मेरे बापू को भी है. जाइए."

एवढंच. तिथल्या भिंतीवर मोठं घड्याळ होतं आणि देवाजीची नजर त्यावरच होती, म्हणून त्याला नेमकं कळलं की हे सगळं अर्ध्या मिनिटाच्या आत आटोपलं. कोणी बाजूला नेलं नाही. कोणी पँट काढायला लावली नाही. कोणी तोंडात पाहिलं नाही. बुधवारी सकाळीही ते असंच अर्ध्या मिनिटात आटोपलं असतं. हा विचार त्याच्या मनात यायला लागला होता, पण पूर्ण आला नाही, कारण तेवढ्यात त्याचा फोन वाजू लागला.

फोन मशीनच्या पोटात होता. काळ्या पडद्याआड, पट्ट्यावर, इतरांच्या पट्ट्याबुटांमध्ये. देवाजी पलीकडच्या टोकाला धावला. पण पट्टा थांबला होता, कारण मशीनच्या स्क्रीनपुढे बसलेल्या मुलीला त्याच्या पिशवीत काहीतरी दिसलं होतं. फोन वाजून थांबला. परत वाजला.

"किसका बैग है?" दुसऱ्या जवानाने पिशवीतून चटणीचा डबा काढला, उघडला, वास घेतला आणि शिंकला. "मिर्ची पाउडर अलाउड नहीं है."

"मिर्ची नहीं साहब, जवस. जवस की चटनी." जवसाला हिंदीत काय म्हणतात ते त्याला आठवेना. "मेरी बहन ने मंगवाई है. बीमार है."

"मिर्ची तो है ना इसमें?"

मिरची होती. सुशीलाबाई चटणीत हात आखडता घेत नाही. जवान साहेबाला विचारायला गेला. तेवढ्यात पट्टा सरकला आणि ट्रे बाहेर आली. फोनवर सूरजचे चार न उचललेले कॉल होते. पाचवा देवाजीने उचलला.

सूरज म्हणाला, "मामाजी, कुठे आहात?"

"आत आलो. झालं सगळं. निंगतेच आता विमान."

"मामाजी, आई गेली. पंधरा मिनिटं झाली."

मागून लोक ट्रे उचलत होते, कोणाचा तरी धक्का लागला. जवान साहेबाला विचारून परत आला होता. त्याच्या चेहऱ्यावर मेहरबानी होती. "ठीक है चाचा, ले जाइए. घर की चीज़ है."

देवाजीने डब्याकडे पाहिलं. "ठेवा तुमी," तो मराठीतच म्हणाला. "आता नाई लागत."

जवानाला वाटलं म्हातारा रागावला. त्याने खांदे उडवले आणि डबा बाजूला ठेवला.

पुढे विमान सुटायला दीड तास होता. देवाजी खुर्चीवर बसून राहिला. परत बाहेर जाता येत नाही असं कोणीतरी सांगितलं. त्याने विचारलं नव्हतं तरी. मग परसरामचा फोन आला. तो अजून काचेबाहेर उभा होता.

"वाजली काय?"

"वाजली."

"मंग? दाखला दाखवला?"

"पाह्यला नाई त्यायनं."

परसराम दुखावला होता. "पाह्यलाच नाई? असं कसं? तू नीट दाखवला नसशील."

देवाजीने त्याला बाईचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर परसराम तिथेच काचेबाहेर रडायला बसला असता, आणि त्याला समजावायचं बळ देवाजीत नव्हतं. "तू जा गावाले," तो म्हणाला. "बस भेटल आता."

विमान वेळेवर उडालं. खिडकीची जागा होती. त्याने बाहेर पाहिलं नाही.

पुण्याला बाईला त्याच्यासाठी संध्याकाळपर्यंत ठेवलं होतं. देवाजी दारात आला तेव्हा बायका बाजूला झाल्या. त्याने रबरी चप्पल काढली, बाईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ तसाच राहिला. पाय थंड होते. मग सगळं जसं व्हायचं तसं झालं. रात्री लोक गेल्यावर बाहेरच्या खोलीत मामा-भाचेच उरले. सूरजची बायको आत चहा करत होती.

"मी बुधवारीच आलो असतो," देवाजी म्हणाला.

सूरज मामाजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "मामाजी, काल रात्री मी तिला तुमच्या दाखल्याचं सांगितलं. डाव्या पायाचं. ती हसायला लागली. इतकी हसली की नर्स धावत आली, तिला वाटलं काही झालं. आणि मग म्हणाली, 'देवाले सांग, काटा लाव अन् ये.' दोनदा म्हणाली. मला समजलं नाही. म्हटलं सकाळी फोन करून विचारू तुम्हाला. कसला काटा?"



"शाळेचा पयला दिवस होता," देवाजी म्हणाला. "माया चड्डीले बटन नव्हतं. मी फाटकाजवळ उभा राह्यलो, आत जाईना. पोरं हासतीन म्हनून. आतून मास्तर हाका मारून राहिले, तरी नाई गेलो. मंग बाई आली. बाभळीचा काटा तोडला अन् चड्डीले टोचून देला. म्हने, जा आता, कोनी पाहत नाई."

"मग?"

"मंग गेलो. कोनीच पाह्यलं नाई."

चहा आला. दोघांनी कप हातात घेतले आणि कोणीच प्यायलं नाही. खाली रस्त्यावर कोणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, तो आवाज बराच वेळ येत राहिला.

"खूप हासली काय?" देवाजीने विचारलं.

"खूप," सूरज म्हणाला.

देवाजीने मान हलवली. कपातला चहा थंड झाला. जरा वेळाने त्याने परत विचारलं, "खूप?"